डेंग्यूच्या संसर्गात पेशीतल्या चरबीचं काय होतं, हे कसं तपासावं

डेंग्यूच्या विषाणूकडे स्वतःची चयापचयाची कसलीच यंत्रणा नसते. त्याचं जेमतेम 10.7 हजार अक्षरांचं आरएनए असतं. प्रत काढायला लागणारी पटलं, वेष्टणातलं मेद आणि ऊर्जा हे सगळं तो पेशीकडून घेतो. मग संसर्गानंतर पेशीतले मेदकण, म्हणजे लिपिड ड्रॉपलेट, वाढतात की घटतात? 2009 साली ब्युनोस आयर्सच्या गटाने ते वाढलेले दाखवले आणि विषाणूचं कॅप्सिड प्रथिन (त्याच्या आरएनएभोवतीचं कवच) या कणांभोवती जमतं हेही दाखवलं. 2010 साली शिकागोच्या गटाने ते घटलेले दाखवले: पेशी स्वभक्षणाने (ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचेच भाग पचवून) हे कण फोडते, सुटलेली मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात जळतात आणि ती ऊर्जा विषाणूच्या कामी येते. पेशी वेगळ्या आणि वेळही वेगळी, त्यामुळे दोन्ही निरीक्षणं खरी असू शकतात. नुसते कण मोजून 'विषाणू मेद वाढवतो' किंवा 'खातो' असं लिहू नका. आवक वाढली तरी आकडा वाढतो आणि जावक तुंबली तरी वाढतो.

खालची पद्धत हु-7 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशी आणि डेंग्यू-2 हा विषाणूचा प्रकार यांच्यासाठी आहे. काम बीएसएल-2 (जैवसुरक्षा पातळी 2) प्रयोगशाळेत, क्लास 2 जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हातात आल्यावरच करायचं.

पेशी आणि संसर्ग

24 खान्यांच्या प्लेटमध्ये 12 मिमीच्या काचा ठेवा आणि प्रत्येक खान्यात 50 हजार पेशी टाका. दुसऱ्या दिवशी त्या साधारण 1 लाख होतात. तरीही एक खाना सोडवून प्रत्यक्ष मोजा, कारण पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर चालतो. पेशींनी तळ 60-70 टक्के भरलेला हवा. दाटीने भरलेल्या किंवा जुन्या माध्यमात उपाशी राहिलेल्या पेशींमध्ये मेदकण विषाणूविनाही बदलतात. निम्मे गोंधळ इथेच सुरू होतात.

विषाणूचा साठा 1×10⁷ पीएफयू (संसर्गक्षम विषाणूकण) प्रति मिली असेल आणि एमओआय, म्हणजे पेशीमागे विषाणूकणांचं प्रमाण, 1 हवा असेल, तर 1 लाख पेशींना 10 मायक्रोलिटर साठा लागतो. तो सीरम नसलेल्या माध्यमात 200 मायक्रोलिटरपर्यंत वाढवा. 37 अंशांवर 1 तास ठेवा, दर 15 मिनिटांनी प्लेट हलवा. मग पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुऊन 2 टक्के सीरमचं 500 मायक्रोलिटर माध्यम द्या. एमओआय 1 असला तरी गणिताने सुमारे 37 टक्के पेशी कोऱ्या राहतात. म्हणून पूर्ण खान्याची सरासरी काढली की खरा फरक पातळ होतो. प्रत्येक पेशी संसर्गित आहे की नाही हे ठरवूनच मोजायचं.

'मॉक', म्हणजे विषाणूविना तुलनेच्या, खान्यात नुसतं डीएमईएम (पेशी वाढवायचं नेहमीचं माध्यम) टाकू नका. विषाणू सी6/36 या डासाच्या पेशींमध्ये वाढवला असेल, तर मॉकसाठी संसर्ग नसलेल्या सी6/36 पेशींवरचंच माध्यम वापरा. त्या पेशींनी माध्यमात सोडलेले घटकही यकृतपेशींवर परिणाम करतात.

12, 24 आणि 48 तासांच्या काचा काढा. एकाच वेळेवरून निष्कर्ष काढायचा नाही.

रंगवणं

4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं ठेवा. मिथेनॉल किंवा ॲसिटोन अजिबात नको, ते मेद विरघळवतात. पेशींना छिद्रं पाडणारं ट्रायटनही टाळा. बहुतेक प्रयोगशाळांत 0.1 टक्के ट्रायटन हात सवयीने उचलतो, आणि मग कण एकमेकांत मिसळून मोठे थेंब होतात किंवा गायब होतात. त्याऐवजी 0.1 टक्के सॅपोनिन वापरा. सॅपोनिनने पाडलेली छिद्रं ते धुतलं की बुजतात, म्हणून अँटिबॉडीच्या प्रत्येक द्रावणात, 1 टक्का बीएसए या अल्ब्युमिन प्रथिनासोबत, तेही ठेवावं लागतं.

संसर्ग ओळखायला विषाणूच्या वेष्टण-प्रथिनावरची 4जी2 अँटिबॉडी चालते. दुय्यम अँटिबॉडी दूरच्या लाल रंगाची, 647 वाली घ्या, कारण हिरवा रंग मेदकणांना लागणार आहे. शेवटी बॉडिपी 493/503 हा मेदाचा हिरवा रंग लावा: डीएमएसओ या द्रावकातला साठा 1 मिग्रॅ प्रति मिली, वापरताना पीबीएसमध्ये 1:1000, 15 मिनिटं, अंधारात. केंद्रकांसाठी डॅपी हा रंग. काचा पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमात बसवा आणि शक्यतो त्याच दिवशी बघा. आठवडाभर पडून राहिलेल्या काचेवरचे कण मोजण्यात अर्थ नसतो.

दोन नियंत्रण खाने कधीही गाळू नका. एकात बीएसएला जोडलेलं ओलिक आम्ल 200 मायक्रोमोलर, रात्रभर: पेशी कणांनी भरलेल्या दिसल्या पाहिजेत. दुसऱ्यात ट्रायासिन-सी 5 मायक्रोमोलर. हे मेदाम्लं कामाला लावणारं विकर अडवतं, त्यामुळे कण विरळ झाले पाहिजेत. या दोघांत फरक दिसत नसेल तर डेंग्यूच्या काचा बघण्याआधी रंगवण्यातली चूक शोधा.

63 पट भिंगाखाली 0.3 मायक्रोमीटरच्या थरांनी चित्रं घ्या. पिक्सेल 0.1 मायक्रोमीटरहून लहान हवा, कारण बरेचसे कण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आतबाहेरचे असतात. एक्सपोजर सगळ्या काचांना एकच. फिजी या चित्रविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपका कण मानायचा ती मर्यादा) मॉकवर ठरवा आणि पुढे बदलू नका. कणांची संख्या, सरासरी आकार आणि पेशीमागे एकूण क्षेत्रफळ हे तिन्ही नोंदवा. संख्या घटून आकार वाढला तर एकूण मेद तेवढंच राहिलेलं असू शकतं. 3 स्वतंत्र प्रयोगांत 50-50 पेशी मोजल्या तर एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) 3 असतो, 150 नव्हे.

विषाणूला मेद खरंच लागतं का

इथे अवरोधक वापरायचे. मेदाम्ल तयार करणाऱ्या एफएएसएन विकरासाठी सी75 (डेंग्यूचं एनएस3 प्रथिन हे विकर प्रतींच्या जागी ओढून नेतं, असं 2010 साली दिसलं) आणि मेदाम्लं जाळण्याची वाट अडवायला एटोमॉक्सिर. सी75 1.25 पासून दुपटीने 20 मायक्रोमोलरपर्यंत नेऊन पाहा. एटोमॉक्सिर 3-5 मायक्रोमोलर पुरतं. जुन्या लेखांत 40 च्या वरचे डोस सर्रास दिसतात, पण तिथे ते मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतलं कॉम्प्लेक्स 1 सुद्धा अडवतं. मग विषाणू घटला तो मेदामुळे की एकूणच वीज गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. डीएमएसओ सगळ्या खान्यांत सारखं, 0.1 टक्क्याच्या आसपास ठेवा. औषध संसर्गाच्या 1 तासानंतर, विषाणू धुतल्यावर द्या. आधीपासून दिलं तर विषाणूचा प्रवेशच रोखला गेला का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पेशी जिवंत आहेत का हे फक्त एमटीटी या चाचणीवर ठरवू नका. एमटीटी पेशीची चयापचयक्षमता मोजतं, आणि आपण नेमकी तीच बदलतोय. पेशी ठणठणीत असूनही आकडा पडू शकतो. जोडीला एलडीएच किंवा ट्रायपान ब्लू या फाटलेल्या, मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या चाचण्यांपैकी एक करा. 50 टक्के पेशी मारणारा डोस विषाणू निम्मा करणाऱ्या डोसच्या दहापटही नसेल, तर त्या परिणामावर फार भिस्त ठेवू नये.

विषाणू मोजायला बीएचके-21 या पेशींच्या थरावर प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेली भोकं, मोजायची: दहापटीची विरलनं, 1 तासानंतर 1 टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचा थर, 5-6 दिवसांनी 10 टक्के फॉर्मलिन, मग क्रिस्टल व्हायोलेट. 10⁻⁴ च्या खान्यात 0.2 मिलीमागे 32 प्लाक आले तर 32 ÷ (10⁻⁴ × 0.2), म्हणजे 1.6×10⁶ पीएफयू प्रति मिली. नमुन्यात अवरोधक उरलेला असतो हे विसरू नका. 10⁻¹ च्या खान्यात तो दहावा हिस्सा असतो आणि तिथले प्लाकही दाबू शकतो. म्हणून 10⁻³ किंवा त्यापुढची विरलनं मोजा, आणि औषध असलेल्या कोऱ्या माध्यमात ठरावीक विषाणू घालून त्याचा आकडा बरोबर येतो का, हे एकदा बघून ठेवा.

सगळ्यात बोलका प्रयोग म्हणजे भरपाई. एफएएसएन पामिटेट बनवतं. सी75 सोबत बीएसएला जोडलेलं पामिटेट 50-100 मायक्रोमोलर द्या. विषाणू परत वर आला तर दावा टिकतो, नाही आला तर औषध दुसरीकडेही लागतंय. सी75 सीपीटी1 लाही (मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात नेणारं, एटोमॉक्सिर अडवतं ते विकर) छेडतं, त्यामुळे ही शंका पोकळ नाही. एटोमॉक्सिरवर मात्र पामिटेटचा उपाय चालणार नाही, कारण ते त्याच बंद दारातून जातं. तिथे ऑक्टानोएट वापरून पाहा, त्याला सीपीटी1 लागत नाही. जोडीला एसआयआरएनएने (विकराच्या जनुकाचा संदेश नष्ट करणारे आरएनएचे छोटे तुकडे) विकर कमी करून तोच परिणाम येतो का ते बघा. एकट्या औषधावर उभा असलेला निष्कर्ष परीक्षक पहिल्याच वाचनात पाडतात.

हे सगळं जमलं तरी रुग्णाबद्दल लगेच बोलू नका. लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन गटाचं औषध पेशींमध्ये डेंग्यूला रोखताना दिसलं होतं. व्हिएतनाममधल्या प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2016 साली आले, ते सुरक्षित ठरलं पण फायदा काही दिसला नाही.

डासाच्या पेशींत करताना

सी6/36 ही पेशींची वंशावळ मूळची पुण्याची. आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून तयार केलेल्या पेशींतून इगाराशींनी 1978 मध्ये हा क्लोन वेगळा केला. या पेशी 28 अंशांवर वाढतात. कीटक कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकत नाहीत, ते खाद्यातूनच घ्यावं लागतं. प्लेटमध्ये ते येतं फक्त सीरममधून. त्यामुळे इथे स्टॅटिन देऊन 'कोलेस्टेरॉल कमी केलं' असं लिहिता येत नाही: स्टॅटिनचं विकर अडतं, पण त्याचा फटका त्याच वाटेवर बनणाऱ्या आयसोप्रिनॉइड या इतर रेणूंना बसतो. कोलेस्टेरॉल कमी करायचं तर मेद काढलेलं सीरम वापरा, आणि एका खान्यात त्याच सीरमला कोलेस्टेरॉल परत घालून तुलना करा. सीरमचा लॉट पूर्ण प्रयोगभर एकच ठेवा. लॉटगणिक मेद बदलतं, आणि हा फरक तुम्ही शोधत असलेल्या फरकाएवढाच निघू शकतो.