बेस गिटारमध्ये आधी काय बदलायचं: जॅक, पॉट, प्रीअँप की पिकअप?

वीस-पंचवीस हजारांचा बेस घेऊन वर्षभर वाजवला की कधीतरी वाटायला लागतं, आवाजात दम नाही. पुढचं ठरलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघायचे, सीमोर डंकन की डिमार्झिओ की बार्तोलिनी, कुठल्या कंपनीचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि कॉइल) घ्यावा यावर मित्रांशी वाद घालायचा आणि शेवटी महागडे पिकअप मागवून मोकळं व्हायचं. पिकअप बदलल्यावर आवाज बदलतो, नाही असं नाही. पण मूळ तक्रार पुष्कळदा जागच्या जागी राहते, कारण तिचा पिकअपशी संबंधच नसतो.

म्हणून भाग बदलायचे झाले तर जॅककडून (केबल घालायच्या भोकाकडून) सुरुवात करावी आणि पिकअपकडे उलटं सरकत जावं, असं माझं मत आहे. स्वस्त भाग जॅकच्या बाजूला असतात, आणि बिघडतातही जास्त करून तेच.

१. तक्रार नेमकी काय, ते लिहून काढा

"साउंड भारी नाही" असं मोघम लिहून चालणार नाही. नॉब फिरवताना खरखर येते का? वाजवत नसतानाही घूंऽऽ चालू असतं का? केबल हलवली की आवाज जातो का? जी तार दणदणीत आणि ई तार बारीक आहे का? की घरी सगळं छान वाटतं आणि ड्रम सुरू झाले की तुम्ही गायब होता? या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि पहिल्या चारांसाठी सहसा पिकअप विकत घ्यावा लागत नाही.

एक शंका इथेच मिटवून टाका. उघड्या ई तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. घरच्या छोट्या प्रॅक्टिस अँपचा आठ इंची स्पीकर तिथपर्यंत धड पोचत नाही. त्यामुळे बेस एकदा प्रॅक्टिस रूममधल्या मोठ्या अँपवर किंवा ऑडिओ इंटरफेस आणि चांगल्या हेडफोनवर ऐका. तिथे आवाज भरदार वाटला, तर पैसे अँपसाठी साठवा आणि हा लेख इथेच सोडा.

२. तारा आणि पिकअपची उंची

तारा वर्षभराच्या असतील तर आधी त्या बदला. मेलेल्या राउंडवूंड (खरखरीत गुंडाळीच्या) तारांवर कुठलाही पिकअप मातकटच वाजणार. तुम्हाला तोच जुना, गोल, ठोसर आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जॅमर्सन १९६२च्या प्रिसिजनवर (फेंडर कंपनीचं बेसचं मॉडेल) जाड फ्लॅटवूंड (सपाट गुंडाळीच्या) तारा वाजवायचे आणि त्या बदलण्याच्या भानगडीत फारसे पडत नसत.

मग स्क्रू ड्रायव्हर घ्या. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेची खालची कड ते पिकअपचा खांब हे अंतर मोजा. ई तारेकडे सुमारे ३ मिमी आणि जी तारेकडे सुमारे २.५ मिमी ही चांगली सुरुवात आहे. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे वेगवेगळे वर-खाली होतात. एक तुकडा ई-ए तारांचा, दुसरा डी-जी तारांचा, त्यामुळे तारांमधला कमी-जास्तपणा बहुतेक वेळा इथेच निस्तरतो. पिकअप फार वर आणू नका. चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

३. घूंऽऽ नेमकं कुठून येतं

शिल्डिंगचा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारा) तांब्याचा टेप मागवण्याआधी खोलीकडे बघा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर ही बेसवाल्याची जुनी दुखणी. पंखा मधल्या वेगावर ठेवून ऐका, मग पूर्ण बंद करून ऐका. लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

मग तारांवर हात ठेवा. आवाज कमी झाला तर वायरिंग साधारण ठीक आहे, शिल्डिंगने आणखी फायदा होईल. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटलेली असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावा. बीप वाजली पाहिजे. (ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपच्या जोडणीत ही वायर मुद्दामच जोडत नाहीत. तिथे हा नियम लावू नका.) हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत का ते बघा. आणि माइकला ओठ लागताच झटका बसत असेल, तर गिटार बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. त्यात चालढकल नको.

जॅझ बेस (फेंडरचंच दोन पिकअपचं मॉडेल) वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना शांत आणि एक कमी केला की घूंऽऽ, हा बिघाड नाही. ते दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप) एकमेकांचा हम, म्हणजे घूंऽऽ, खोडतात, एक मागे सरला की खोडणं थांबतं. हे कायमचं घालवायचं असेल तरच त्याच मापाचे हम्बकिंग (आपला हम आपणच खोडणारे) पिकअप घेण्यात अर्थ आहे. पिकअप बदलण्याचं हे मला पटणारं पहिलं कारण.

४. जॅक आणि पॉट

स्वस्त बेसमध्ये सगळ्यात आधी दगा देतो तो जॅक. आतली पत्ती सैल पडते आणि केबल हलली की आवाज तुटतो. स्विचक्राफ्ट कंपनीचा चांगला जॅक बसवा. ॲक्टिव्ह बेस असेल तर जॅक स्टिरिओच हवा, कारण केबल घातल्यावर बॅटरी चालू करण्याचं काम त्याची तिसरी पत्ती करते. मोनो जॅक लावलात तर प्रीअँपच (आवाज उचलणारं आणि घडवणारं सर्किट) चालू होणार नाही.

पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरणारा भाग, खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. नेहमीचं गंज सोडवणारं तेल मारू नका, ते आतला ट्रॅक खराब करतं. तरीही खरखर राहिली तर पॉट बदला. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला साधारण २५० किलो-ओमचा ऑडिओ टेपर पॉट लागतो, ॲक्टिव्ह पिकअपला बहुधा २५ किलो-ओमचा. विकत घेण्याआधी भोक मोजा. सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटला साधारण ९.५ मिमी भोक लागतं, बऱ्याच आशियाई बेसना त्यापेक्षा लहान भोक असतं. दांड्याचा प्रकारही बघा, नाहीतर जुने नॉब बसत नाहीत. पुण्यात तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉट मिळतील, पण दुकानदाराला "ऑडिओ" की "लिनिअर" हे आवर्जून सांगा. लिनिअर व्हॉल्यूम पॉट उलटा फिरवताना बराच वेळ फारसा फरक कळत नाही आणि शेवटच्या टप्प्यात आवाज एकदम पडतो.

टोनच्या कपॅसिटरवर मात्र पैसे उडवू नका. ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. त्याची किंमत बदलली की टोन बंद केल्यावरचा आवाज बदलतो: ०.१ने जास्त काळोखा, ०.०२२ने कमी. पण तेलात बुडवलेला, साठ वर्षं जुना वगैरे कपॅसिटर वेगळा ऐकू येतो यावर माझा विश्वास नाही.

५. पिकअपवर आरोप करण्याआधी मोजा

पॅसिव्ह बेसला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. मल्टिमीटर २० किलो-ओमवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिपला आणि बाहेरच्या धातूला टोकं लावा. नेहमीच्या प्रिसिजनमध्ये १० किलो-ओमच्या आसपास आकडा येतो. जॅझमध्ये एक व्हॉल्यूम बंद ठेवून दुसरा मोजला की सातच्या आगेमागे येतो, आणि दोन्ही उघडे ठेवले की साधारण निम्मा. मीटरने रेंजबाहेरचा "१" दाखवला तर पिकअपची तार आत तुटली आहे किंवा सोल्डर सुटला आहे. शून्य दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडे नीट आले तर पिकअप जिवंत आहे, उरतो तो आवडीनिवडीचा प्रश्न.

जॅझवाल्यांनी इथे आणखी एक प्रयोग करावा: एका पुश-पुल (ओढून-दाबून स्विचसारखं चालणाऱ्या) पॉटने दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडणं. आवाज मोठा होतो, मधल्या स्वरांत मांसलपणा येतो आणि खर्च एका पॉटचा. ड्रममध्ये हरवणाऱ्यांना यातच समाधान मिळू शकतं.

६. आता खरा फाटा: प्रीअँप की पिकअप?

इथपर्यंत येऊनही समाधान नसेल, तर कुणाकडून तरी बेसचा प्रीअँप पेडल किंवा निदान इक्यू (लो, मिड, हाय स्वर कमी-जास्त करणारा) पेडल दोन दिवसांसाठी मागून आणा. लो आणि हाय थोडे उचला, मग मिड उचला. तुम्हाला हवा तो आवाज असा मिळाला, तर तुमचा पिकअप ठीक आहे. कमी होता तो इक्यू. मग गिटारच्या पोटात प्रीअँप घालायचा की पेडलच विकत घ्यायचा, एवढंच ठरवायचं. मी पेडलकडे झुकतो. लाकूड कोरावं लागत नाही आणि उद्या दुसऱ्या बेसलाही चालतो. स्टेजवर हाताशी नॉब हवेच असतील तर ऑनबोर्ड घ्या. लिओ फेंडर यांच्या म्युझिक मॅनने १९७६मध्ये स्टिंगरे आणला तो आतल्या प्रीअँपसकट, आणि बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कचे गिटार-कारागीर रॉजर सॅडॉस्की यांनी प्रीअँप बसवला. स्लॅपचा (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचा) तो चकचकीत आवाज डोक्यात असेल तर रस्ता हाच.

ऑनबोर्ड घेताना आधी मागचं झाकण उघडून ९ व्होल्टची बॅटरी मावते का बघा. १८ व्होल्टने आवाज मोठा होत नाही, जोरात वाजवल्यावर फाटण्याआधी थोडी जास्त जागा मिळते, इतकंच. वाजवून झालं की केबल काढून ठेवायची सवय लावा, नाहीतर बॅटरी रात्रभर जळत राहते.

इक्यू कसाही फिरवला तरी आवाज निर्जीव, बोटांचा जोर कमी-जास्त केला तरी सगळं एकसारखंच, असं असेल तर पिकअप बदला. ऑर्डर देण्याआधी मापं घ्या. नेहमीच्या जॅझ संचात ब्रिजकडचा पिकअप गळ्याकडच्यापेक्षा सुमारे ३ मिमी लांब असतो, पण काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही सारखेच असतात. सोपबार (साबणाच्या वडीसारखा आयताकृती पिकअप) असेल तर लांबी, रुंदी आणि कोपऱ्यांची गोलाई, तिन्ही लिहून घ्या. दोनांपैकी एकच पिकअप बदलून दोन्ही उघडल्यावर आवाज पोकळ, नाकातला आला तर ते फेजचं भांडण आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडतात. नव्या पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या की बहुधा मिटतं. हम मात्र तेवढ्याने खोडला जाईलच असं नाही, म्हणून शक्यतो संचच घ्या.

आणि एका वेळी एकच बदल करा. पिकअप आणि प्रीअँप एकाच दिवशी बसवले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

७. सोल्डरिंगच्या दिवशी

झाकण उघडल्या उघडल्या मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, वायरींचे रंग नीट दिसतील असे. ४० वॅटच्या आसपासचं आयर्न पुरतं. पॉटची पाठ आधी सँडपेपरने जरा खरवडा, नाहीतर ग्राउंडचा सोल्डर गोळी होऊन नुसता वर बसतो आणि महिन्याभरात सुटतो. आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, पॉट आतून भाजतो. गिटारच्या दर्शनी बाजूवर जुना टॉवेल पसरा, कारण वितळलेल्या सोल्डरचा थेंब पॉलिशवर पडला की डाग निघत नाही. झाकण लावण्याआधी केबल जोडा आणि स्क्रू ड्रायव्हरने पिकअपच्या खांबांवर हलकेच टकटक करा. प्रत्येक पिकअपचा ठोका अँपमधून आला पाहिजे.

काढलेले पॉट, जॅक, पिकअप एका पिशवीत घालून वर बेसचं मॉडेल लिहून ठेवा. विकायची वेळ आली की ओरिजिनल पार्ट आहेत का, हे गिऱ्हाईक विचारतंच.