पवना-पानशेतच्या काठावर घर घेताना

धरणाकाठचं घर ऑगस्टमध्ये पाहून बयाणा देऊ नका. तेव्हा पाणी ओट्याला टेकल्यासारखं दिसतं. मे महिन्यात त्याच जागी भेगाळलेला गाळ आणि वर आलेले बुंधे. म्हणून दोन्ही ऋतूंत एकेक चक्कर माराच.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर सहसा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनींत हे हमखास निघतं. 'इतर हक्क' रकाना आणि जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) वकिलाकडून तपासून घ्या, किमान 30 वर्षांचे. जमीन बिगरशेती नसेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला अटकाव करणारं कूळकायद्याचं कलम 63 आड येतं. 'बिगरशेती नंतर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका.

पुढचा घोळ हद्दीचा. पाण्यालगतचा पट्टा बहुधा संपादित, म्हणजे धरणाच्या मालकीचा असतो. तिथे कुंपण, जेटी, गझिबो काहीही आपलं नाही, जाहिरातीत कितीही दिसो. भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून खुणा रोवून घ्या आणि पूर्ण जलसंचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) जोत्याच्या कितपत खाली आहे ते जलसंपदा विभागात विचारा.

घरात शिरल्यावर पलंग सरकवून भिंतीचा खालचा हातभर भाग पाहा: पोपडे, पांढरा क्षार दिसला की ओल मुरलीय. ताजा रंग असेल तर जास्तच संशय घ्या.