प्रवेश घेताना या चुका टाळा: प्रमाणपत्रावर मान्यता कुणाची?

डिचोलीतली एक मुलगी परवा माझ्याकडे प्रमाणपत्र घेऊन आली. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर ‘आयएसओ प्रमाणित’, खाली बारीक अक्षरांत ‘1860 च्या कायद्याखाली नोंदणीकृत’. वर्षभराचा नर्सिंगचा कोर्स. 1860 चा कायदा संस्था नोंदणीचा, त्याखाली भजनी मंडळही नोंदवता येतं. आयएसओचा संबंध कामकाजाच्या पद्धतीशी, अभ्यासक्रमाशी नाही. नर्सिंग परिषदेचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. परिचारिका म्हणून तुझी नोंदणी होणार नाही, हे तिला सांगणं फार जड गेलं.

‘सरकारमान्य आहे ना?’ एवढंच विचारून आपण फी भरतो, चूक तिथंच होते. विचारायचं ते असं: मान्यता कुणाची, कुठल्या कोर्सला, कुठल्या वर्षापुरती? पदवीसाठी यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, इंजिनिअरिंग डिप्लोमाला एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माणाला फार्मसी कौन्सिल. कौशल्य शिक्षणावर 2018 साली अधिसूचित झालेल्या एनसीव्हीईटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचं, नियमन चालतं. अशा कोर्सचा कोड आणि स्तर राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत मोबाइलवरही पाहता येतो. कौशल्याचा कोर्स तिथं सापडला नाही, तर पैसे भरू नका.

आयटीआयच्या बाबतीत जाणती माणसंही फसतात. संस्था मान्य म्हणजे तिथले सगळे ट्रेड, म्हणजे फिटरसारखे व्यवसाय-अभ्यासक्रम, मान्य, असं नसतं. संलग्नता ट्रेड आणि युनिटनुसार, म्हणजे तुकडीनुसार, मिळते. त्यामुळे एकाच इमारतीत फिटरला राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि शेजारच्या ट्रेडला फक्त राज्य परिषदेचं, म्हणजे एससीव्हीटीचं, असं होऊ शकतं. एससीव्हीटी झालं असेल तर हताश होऊ नका. ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठीच्या अखिल भारतीय ट्रेड परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसता येतं. आणि जुन्या प्रमाणपत्रावर ‘एनसीव्हीटी’ (एनसीव्हीईटीच्या आधीची राष्ट्रीय परिषद) लिहिलंय म्हणून ते बाद झालं, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

दूरशिक्षणातून इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगची पदवी मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आपल्या गोव्यातली आणखी एक अडचण आडनावाची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज धाटणीचं स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. आखातात किंवा बोटीवर जायच्या वेळी कागद साक्षांकनाला (अटेस्टेशनला) गेले की तिथं अडतात. ही दुरुस्ती आयटीआयचा फॉर्म भरण्याआधीच करून घ्या. पुढं प्रत्येक कागदासाठी वेगळं कार्यालय गाठावं लागतं.

फी भरण्याआधी मान्यतेच्या पत्राची प्रत मागा आणि पत्रावरचं वर्ष स्वतः वाचा.