कोल्हापूर ते तिरुपती : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनाने पूर्ण होते, या श्रद्धेमुळे या दोन गावांमध्ये भाविकांची ये-जा पूर्वापार चालू आहे. हरिप्रिया एक्स्प्रेसने जाणाऱ्याला एक रात्र गाडीत काढावी लागते, हे ठाऊकच असते. विमानाचा विचार करणाऱ्याने मात्र अंतर व वेळ स्वतः काढून पाहावा, कारण रस्त्याच्या किलोमीटरवरून बांधलेला अंदाज हमखास चुकतो.

प्रथम विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत; शहरांचे नव्हेत, कारण आपला विमानतळ उजळाईवाडीत आहे आणि तिरुपतीचा रेणिगुंट्याजवळ. उजळाईवाडीचा अक्षांश १६ अंश ३९ मिनिटे ५३ सेकंद आहे. इथे गफलत होते, आणि पहिल्या खेपेला माझीही झाली. मिनिटे म्हणजे दशांश नव्हेत. साठाने भागल्यावर त्यांचे ०.६६ अंश होतात. मी १६.३९ लिहिले आणि विमानतळ तीस किलोमीटर दक्षिणेला, थेट निपाणीच्या रेषेत जाऊन बसला.

दशांशात उजळाईवाडी १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व आणि तिरुपती १३.६३ उत्तर, ७९.५४ पूर्व येते. अक्षांशांतील फरक ३.०३ अंश, एका अंशाचे १११ किलोमीटर धरले की ३३६ किलोमीटर होतात. रेखांशांतील फरक ५.२५ अंश आहे, परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत असल्याने आपल्या पट्ट्यात एका अंशाचे १०७ किलोमीटरच धरावेत. ते ५६२ होतात. दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की हवाई अंतर सुमारे ६५५ किलोमीटर मिळते. एवढ्या अंतरासाठी पृथ्वीच्या गोलाईचे किचकट सूत्र वापरण्याची गरज नाही; फरक दोन-तीन किलोमीटरांचाच पडतो.

आता वेळ. पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे ७९ मिनिटे. तिकिटावरील वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी वीस-पंचवीस मिनिटे मिळवावीत. एकूण पावणेदोन तासांच्या आत हिशेब बसतो. जेट विमानाचा वेग ८३० धरला, तर हाच प्रवास सव्वा तासाचा होतो. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असल्यास एटीआरला आठ-नऊ मिनिटे अधिक लागतात, त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळा सारख्या नसल्या तर नवल नाही.

थेट विमान नसेल, तर प्रत्येक टप्पा स्वतंत्र मोजावा. हैदराबादमार्गे हेच अंतर ८६० किलोमीटरांच्या आसपास जाते, आणि चढणे-उतरणे दोनदा होत असल्याने वरची मिनिटेही दोनदा धरावी लागतात. तिथल्या ताटकळण्याचा वेळ निराळाच. विमानांची वेळापत्रके मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून त्या सुमारास तिकीट काढताना थेट सेवा चालू आहे का, हे आधी पाहावे.