सामान वाटेत अडवलं, तेव्हा मी काय केलं

हैदराबादहून नांदेडला घर हलवायचं होतं. पॅकर्सवाल्यांनी भाडं कोटेशनवर लिहून दिलं, निम्मे पैसे आगाऊ घेतले. ट्रक देगलूरला आला आणि फोन: ‘सामान जास्त भरलंय, वाढीव रक्कम टाका, नाहीतर गोदामात उतरवतो.’ (भरणारी माणसं त्यांचीच होती!)

दाजी म्हणाले, “देऊन टाका, भांडत कुठं बसता?” पण एकदा दिले की दुसरी मागणी येतेच. भांडलोही नाही. ‘किती आणि कशाचे, व्हॉट्सॲपवर लिहा’ म्हटलं. त्यांनी खुशाल लिहिलं. तो मेसेज, कोटेशन, पैशांची पावती आणि ट्रकचा नंबर असलेली बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ‘हा तुमचा आपसातला व्यवहार,’ असं ऐकावं लागलंच. मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) पुढं केलं: वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा वाहतूकदारानं अपहार केला तर सात वर्षांपर्यंत कैद. साहेबांनी ड्रायव्हरला स्पीकरवर फोन लावला. रात्री ट्रक दारात, ठरलेल्या पैशात.

कपाटाचा आरसा मात्र फुटलेला. फोटो काढले, डिलिव्हरीच्या कागदावर ‘आरसा फुटका’ लिहूनच सही केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि कंपनीला स्पीड पोस्टानं नोटीस धाडली. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे ती बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. हेल्पलाइनवरून विचारणा झाल्यावर आरशाचे पैसे खात्यात आले, माफीचा शब्द काही आला नाही.