पाळणाघराच्या ड्युटीचा घोळ कसा सुटला, माझा अनुभव

आमच्याकडे एक सोडून सगळ्या ताया (मुलं सांभाळणाऱ्या बायका) ९ ला यायच्या आणि मुलं मात्र साडेसातपासूनच, म्हणजे सकाळी एकटीवर सगळा लोड आणि दुपारी मुलं झोपली की चौघी नुसत्या बसून. मग मी २ आठवडे दर अर्ध्या तासाला प्रत्येक खोलीतली मुलं मोजून वहीत लिहिली, आणि त्या आकड्यांवरून शिफ्ट लावल्या, ७:३०, ८:३० आणि १० अशा. ताया नेमताना तान्ह्यांची खोली आधी भरायची, कारण तिथे एका बाईकडे जास्त बाळं देताच येत नाहीत, ती सगळी एकदम झोपत पण नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीला बदली म्हणून एक ताई मोकळीच ठेवली. हजेरीत फक्त सही नाही, कुठल्या खोलीत किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होतो तेही लिहायचं.

रजेचं खरं दुखणं वेगळंच होतं. पगार कापेल म्हणून ताया ताप अंगावर काढून यायच्या आणि चार दिवसांत अर्धी मुलं आजारी! आता आजारपणाची रजा वेगळी, पगारी, फक्त सकाळी ६ च्या आत फोन करायचा. ठरवून घ्यायची रजा १५ दिवस आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एका दिवशी एकीलाच. सणांच्या आठवड्यात अजून ओढाताण होतेच.