युक्रेनच्या नादी लागलात? मग या चुका टाळा

"ताई, युक्रेनबद्दल वाचायचंय, कधी जमलं तर जायचंही आहे. रशियन शिकायला कुठून सुरुवात करू?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-दहा वेळा तरी येतो. विचारणारा माणूस मनापासून विचारत असतो आणि पहिल्याच प्रश्नात घसरलेला असतो: युक्रेनची भाषा युक्रेनियन, रशियन नव्हे. मी रागावत नाही, कारण मीही तिथेच घसरले होते. आमच्या लहानपणी सोव्हिएत पुस्तकं मराठीत स्वस्तात मिळायची. गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं. गोष्ट कुठल्याही मुलखातली असो, आमच्या घरी ती 'रशियन गोष्ट'च. तेव्हाचा चष्मा डोळ्यांवरून उतरायला मला चाळिशी उलटावी लागली.

२०१८ साली पहिल्यांदा निघाले तेव्हा तीन महिने रशियनचा क्लास लावला होता आणि पिशवीत ओळखीच्यांकडून आणलेलं एक जुनं गाईडबुक होतं. द्निप्रो शहरातलं इतिहास संग्रहालय बघायचं होतं. पुस्तकात पत्ता होता 'द्निप्रोपेत्रोव्स्क, कार्ल मार्क्स अव्हेन्यू'. स्टेशनाबाहेर फुलं विकणाऱ्या एका आजींना मी रशियनमध्ये विचारलं, कार्ल मार्क्स कुठे? त्या म्हणाल्या, "मार्क्स गेला. आता इथे यावोर्नित्स्की राहतात." मला वाटलं, कुणा घरमालकाबद्दल सांगताहेत. मान डोलावून पुढे निघाले.

पुढचा तास-दीड तास मी एका लांबलचक, झाडांच्या रस्त्यावर वर-खाली केलं. मधून ट्राम जात होत्या आणि प्रत्येक इमारतीवर निळ्या पाटीत रस्त्याचं नाव होतं. पण मी 'मार्क्स' शोधत होते, म्हणून समोर लिहिलेलं 'द्मित्रा यावोर्नित्स्कोहो' मला दिसतच नव्हतं. ज्या रस्त्यावर उभी होते तोच रस्ता शोधत होते! २०१६ मध्ये मार्क्सचं नाव काढून युक्रेनच्या कोसॅक योद्ध्यांचे इतिहासकार द्मित्रो यावोर्नित्स्की यांचं नाव त्याला दिलं होतं. संग्रहालयही याच गृहस्थांच्या नावाचं. पोचले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तिकिटांची पेटी बंद केली होती. बाहेर स्तेपमधल्या, म्हणजे गवताळ मैदानातल्या, भटक्या टोळ्यांनी घडवलेल्या दगडी बाया ओळीने उभ्या आहेत, पोटावर हात धरून. त्यांच्यासमोर बसून मी सोबत आणलेली बिस्किटं खाल्ली.

आता शहराच्या नावाचं. १९२६ मध्ये ते ज्या पेत्रोव्स्कीवरून ठेवलं, तो सोव्हिएत युक्रेनच्या सत्तेतला बडा पदाधिकारी, आणि लाखो माणसं उपाशी मेली त्या १९३२-३३ मध्येही पदावरच होता. म्हणून २०१६ मध्ये शहराने त्याचं नाव टाकलं. त्याआधी, झारच्या काळात, तेच शहर कातेरिनोस्लाव्ह होतं. इव्हानो-फ्रान्किव्स्क १९६२ पर्यंत स्तानिस्लाव्ह होतं. ल्विव्हला पोलिश लोक ल्वूव्ह म्हणत, ऑस्ट्रियाचा अंमल होता तेव्हा ते लेम्बर्ग, रशियनांच्या तोंडी ल्व्होव्ह. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक गावासाठी तीन रकाने: आजचं युक्रेनियन नाव, रशियन नाव, त्याआधीचं नाव. जुनं पुस्तक उघडलं की वही शेजारी. कुणी म्हणेल, फोनमध्ये सगळं मिळतं. मिळतं, पण आधी काय शोधायचं ते माहीत असावं लागतं. माझ्या फोनलाही त्या दिवशी मी मार्क्सच विचारत होते.

अक्षरं न शिकता निघणं

एक रविवार द्या. फक्त एक. युक्रेनियन लिपीत ३३ अक्षरं आहेत आणि मराठी माणसाला ती इतरांपेक्षा सोपी जावीत. Г हे अक्षर रशियनमध्ये 'ग', पण युक्रेनियनमध्ये सरळ आपला 'ह'. त्यांचं चलन ग्रिव्ना नव्हे, ह्रिव्न्या. 'ग'साठी वेगळं अक्षर आहे, Ґ, वर शेंडी असलेलं. सोव्हिएत राजवटीने १९३३ मध्ये ते वर्णमालेतून काढून टाकलं आणि १९९० मध्ये ते परत आलं. एका अक्षराला वनवास घडावा, यावरून तिथलं राजकारण समजायला सुरुवात होते.

पुढची गंमत खास आपली. Ц म्हणजे 'चमचा'तला च, Ч म्हणजे 'चहा'तला च. ДЗ म्हणजे 'जाड'मधला ज, ДЖ म्हणजे 'जीव'मधला ज. इंग्रजी पुस्तकं यावर पानं खर्च करतात, आपण ते बालवाडीपासून बोलतोय. शिवाय त्यांच्या सात विभक्तींमध्ये संबोधनही आहे. आईला हाक मारताना 'मामा'चं 'मामो' होतं आणि मित्राला 'द्रुझे' म्हणतात. रशियनमध्ये ही विभक्ती जवळजवळ संपली आहे. आठ विभक्ती घोकलेल्या माणसाने याला घाबरायचं कारण नाही.

आघात मात्र सांभाळा. 'ज़ामोक' शब्दात जोर पहिल्या स्वरावर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. ल्विव्हमध्ये मी दोन दिवस लोकांना उंच कुलूप कुठे आहे असं विचारत होते.

राजधानीचं काय, हेही विचारतात. 'कीव' लिहिलं की मराठीत दया येते, म्हणून मी कीव्ह लिहिते. खरा उच्चार 'किय्यिव'च्या जवळ जातो. तुम्हाला झेपेल ते लिहा, पण रशियन वळणाचं 'कियेव्ह' सोडा.

आपल्या साच्यात बसवणं

मॉस्कोचा चष्मा उतरला की लोक लगेच घरचा चढवतात. एका व्याख्यानात वक्त्याने सांगितलं, "बोहदान ख्मेल्नित्स्की म्हणजे युक्रेनचे शिवाजी महाराज आणि कोसॅक म्हणजे मावळे." टाळ्या पडल्या. काळ जुळतो, खरं आहे. ख्मेल्नित्स्कीचा पोलंडविरुद्धचा उठाव १६४८ चा. घोडे आहेत, तलवारी आहेत, बलाढ्य सत्तेशी झुंज आहे. पण कोसॅक आपला हेतमान, म्हणजे मुख्य सेनापती, सभेत निवडत, आणि नाराज झाले तर उतरवतही. त्यांचं ठाणं, सिच, नीपर नदीच्या धबधब्यांपलीकडे होतं. 'झापोरिझ्झ्या' या नावाचा अर्थच धबधब्यांपलीकडचा मुलूख. ख्मेल्नित्स्कीने १६५४ मध्ये पेरेयास्लाव्हला मॉस्कोच्या झारचं संरक्षण पत्करलं आणि त्याचा अर्थ काय यावर आजही भांडणं होतात. कवी तारास शेवचेन्कोने त्याबद्दल त्याला कवितेतून धारेवर धरलंय. त्या उठावात हजारो ज्यू मारले गेले. ज्यू आठवणीत हा माणूस मुळीच नायक नाही. आणि शेवटी १७७५ मध्ये सिच उद्ध्वस्त केली ती त्याच रशियाने, कॅथरिनच्या हुकमाने. हे सगळं 'मावळे' या एका शब्दात कसं मावणार? तुलना केली की समजल्यासारखं वाटतं आणि वाचन तिथेच थांबतं.

याच जातीची दुसरी चूक मला जास्त टोचते. होलोदोमोरचं भाषांतर 'दुष्काळ'. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन येते, ७२ सालची सुकडी येते, खडी फोडायचं काम येतं. म्हणजे पाऊस पडला नाही. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये पावसाने सूड उगवला नव्हता. स्टॅलिनच्या सत्तेने धान्यवसुलीचे अशक्य आकडे लादले, पथकं घरात शिरून लपवलेलं धान्य उकरून नेत, वसुली न झालेली गावं काळ्या यादीत जात आणि तिथे दुकानातला मालही बंद होई. १९३३ च्या जानेवारीत उपाशी शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायलाही बंदी झाली. ३५ लाखांहून अधिक माणसं मेली असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. 'होलोद' म्हणजे भूक, 'मोर' म्हणजे मरी, आणि तो शब्द आपल्या 'मर'चा लांबचा भाऊबंदच. मी शब्द तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'भुकेने मारणं' असं लिहिते. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी तिथे खिडकीत मेणबत्ती लावतात. ती खिडकी बघितलेल्या माणसाच्या हातून 'दुष्काळ' लिहिलं जात नाही.

'कीव्हचा रुस (मध्ययुगातलं कीव्हचं राज्य) म्हणजे जुना रशिया' ही चूक दोन सालांनी सुटते: तिथल्या राजा व्होलोदिमिरने कीव्हमध्ये लोकांचा बाप्तिस्मा घडवला ९८८ मध्ये, मॉस्कोचा पहिला लिखित उल्लेख ११४७ चा.

याच्या उलट टोकाचेही भेटतात. चार व्हिडिओ बघून आलेले, रशियन बोलणारा प्रत्येक जण त्यांना शत्रू वाटतो. खार्किव्ह आणि ओदेसामध्ये पिढ्यान्‌पिढ्या घरात रशियन बोलली गेली. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कीही क्रिव्ही रिहच्या रशियन बोलणाऱ्या ज्यू घरातले. जरा दमाने घ्या.

'मांस नको' एवढंच सांगणं

शाकाहाऱ्यांसाठी. 'बेझ म्यासा', मांसाशिवाय, असं सांगितलं की बोर्श्चमध्ये, म्हणजे त्यांच्या बिटाच्या सूपमध्ये, मांसाचे तुकडे नसतील, पण रस्सा हाडांचाच असेल. आणि वर डुकराच्या चरबीचा, सालोचा, लसूण घालून कुटलेला गोळाही येईल, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हे. माझी एक मैत्रीण अर्धी वाटी संपवून 'काय मस्त लोणी आहे' म्हणाली होती. शब्द लक्षात ठेवा: 'पिस्निय'. 'पिस्त' म्हणजे उपवास, म्हणून पिस्निय बोर्श्च म्हणजे उपवासाचा बोर्श्च. त्यांच्या उपवासाला कांदा-लसूण चालतो, दूध-तूप चालत नाही. आपल्या बरोब्बर उलटं. नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थांच्या पानात हाच असतो, बिटाचा आंबूस रस्सा आणि सुक्या मशरूमचा वास.

आणि घरी करणार असाल तर बीट कुकरला लावू नका. तीन शिट्ट्यांत जे होतं त्याला गुलाबी पाणी म्हणतात. बीट किसून किंवा काड्या करून थोड्या तेलात, चमचाभर व्हिनेगर घालून मंद परता, मगच रश्श्यात सोडा. आंबटपणाने रंग टिकतो. तासभर लागतो. ज्यांना तासभर नाही त्यांनी टोमॅटो सूप करावं, तेही चांगलं असतं. युक्रेनची बोर्श्च करण्याची परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतली, ती काही शिट्ट्या मोजून नाही.

आत्ताच निघणं

यावर मी कडक आहे. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथलं आकाश नागरी विमानांना बंद आहे. आत शिरायचं ते जमिनीवरून, बहुतेक पोलंडच्या प्शेमिश्लहून रेल्वेने. देशात लष्करी कायदा आणि रात्रीची संचारबंदी. तपासणी नाके, सैन्य, क्षेपणास्त्र पडलेली जागा यांचे फोटो काढणं म्हणजे थेट पोलिसांशी गाठ. साध्या प्रवास विम्यात युद्धाचं नुकसान सहसा धरत नाहीत. मदतकार्याला, कामाला जाणारे जातात, त्यांना माझा सल्ला लागत नाही. 'तिकीट स्वस्त आहे, गर्दी नाही' म्हणून विचारणाऱ्यांना मी उत्तरही देत नाही. रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात रशियामार्गे जाऊन 'युक्रेन पाहिला' म्हणणाऱ्यांना तर अजिबात नाही. युक्रेनच्या कायद्याने ती बेकायदा घुसखोरी आहे.

तोवर इथे बसून करण्यासारखं भरपूर आहे. २०२२ मध्ये 'ऑपरेशन गंगा'तून परतलेल्यांत महाराष्ट्रातले कितीतरी वैद्यकीय विद्यार्थी होते. तुमच्या तालुक्यातही एखादा सापडेल. त्याला युद्धाबद्दल विचारू नका, ते त्याला सगळ्यांनी विचारून झालंय. रात्रीच्या गाडीत काचेच्या पेल्यात, धातूच्या कड्यातून मिळणाऱ्या चहाबद्दल विचारा, वसतिगृहातल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल विचारा.

उरलेल्या चुका झटपट. युक्रेन म्हणजे चोर्नोबिल नव्हे. उंबऱ्यावरून हात मिळवू नये, आत या किंवा बाहेर बोलवा. पेला उचलताना 'ना झ्दोरोव्ये' म्हणू नका, 'बुद्मो!' म्हणा, सगळे 'हेय!' करून ओरडतील. नाताळ ७ जानेवारीचा असं जुनी पुस्तकं सांगतात, २०२३ पासून तो अधिकृतपणे २५ डिसेंबरला आहे.

आणि फुलं विषम संख्येत न्या. सम संख्या अंत्यविधीला. मी ल्विव्हमध्ये जेवायला गेले होते त्या घरी ऐटीत डझनभर गुलाब नेले. काकूंनी हसून घेतले, आत गेल्या. जेवायला बसलो तेव्हा टेबलावरच्या फुलदाणीत अकरा होते आणि ओट्यावर, पाण्याच्या पेल्यात, एक.